रात्री दोन वाजता मीटर का फिरतो? जमिनीखालची पाणीगळती शोधायची कशी, बुजवायची कशी

सोमेश्वरनगर : नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन सुरू असते तेव्हा या पट्ट्यात पाण्याची चर्चा फारशी होत नाही. आवर्तन बंद झाले की मात्र साठवण तलावाची पातळी आणि विहिरीचा तळ यांकडे सगळ्यांचे लक्ष जाते. पुढचे आवर्तन येईपर्यंत आहे ते पाणी पुरवायचे असते. अशा वेळी तलाव हिशेबापेक्षा आठ दिवस आधीच तळाला गेला, तर उन्हाला, बाष्पीभवनाला आणि टोकाच्या गल्लीला दोष दिला जातो. खरे पाणी अनेकदा रस्त्याखाली, कोणाच्याही नजरेस न पडता गेलेले असते.

फुटलेली जलवाहिनी दिसते. रस्त्यावर कारंजे उडते, फोन जातात, खड्डा घेतला जातो. बारीक गळती दिसत नाही, म्हणून ती महिनोन् महिने चालते. ती शोधण्याचे मार्ग मात्र जुने आणि खात्रीचे आहेत. त्यांतले निम्मे तर घड्याळ, मोजपट्टी आणि व्हॉल्व्हची चावी एवढ्यावर होतात.

रेल्वेच्या गावांना गळतीचा हिशेब आधी का कळला?

आज नळाचे पाणी म्हटले की ग्रामपंचायत किंवा नगरपालिका आठवते. दीडशे वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात लोखंडी नळातून पाणी फिरवण्याची सर्वांत मोठी गरज रेल्वेला होती. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्याहून इंदापूर तालुक्यातील डिकसळपर्यंत रूळ पोहोचले. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा जोडला गेला आणि दौंड जंक्शन झाले. एकोणिसावे शतक संपता संपता पुणे-मिरज मार्गही झाला आणि सोमेश्वरनगरच्या जवळचे नीरा हे रेल्वेचे गाव बनले.

वाफेच्या इंजिनाला कोळशाहून अधिक पाणी लागे. एक किलो कोळसा जळताना साधारण सहा ते आठ किलो पाण्याची वाफ होते. त्यामुळे ठरावीक अंतरावर पाणी भरण्याची सोय नसेल, तर गाडी पुढे जाऊच शकत नसे. लोणावळ्याचे भुशी धरण आज पर्यटकांनी गजबजते. मुळात ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने इंजिनांच्या पाण्यासाठी बांधले.

स्थानकावरची व्यवस्था सर्वसाधारणपणे अशी असे : नदीकाठी विहीर आणि पंप, तिथून बिडाचा नळ, स्थानकाजवळ उंचावर लोखंडी टाकी आणि फलाटाच्या टोकाला इंजिनात पाणी सोडणारा उंच खांब. नळाचा एक तुकडा दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवायचा, फटीत तागाचा दोर ठासायचा, वरून वितळलेले शिसे ओतायचे आणि ते छिन्नी-हातोडीने ठोकून घट्ट करायचे. सांधा पाझरू लागला की टाकी भरायला पंप जास्त वेळ चालवावा लागे आणि कोळसा जास्त जळे. टाकी वेळेत भरली नाही, तर इंजिन ताटकळे. गळतीचा खर्च असा त्याच आठवड्यात दिसे. आजच्या गावच्या योजनेत तो वर्षाच्या वीजबिलात मिसळून जातो, एवढाच फरक.

एका बारीक छिद्रातून जाऊन जाऊन किती पाणी जाणार?

टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा २० मीटर उंच असेल, तर नळातला दाब प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे २ किलो असतो. या दाबाला ३ मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे जाड खिळ्याएवढ्या छिद्रातून तासाला सुमारे ३०० लिटर पाणी बाहेर पडते. दिवसाला सव्वासात हजार लिटर. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर हा निकष आहे. त्या हिशेबाने हे १३० माणसांचे पाणी झाले. छिद्र ५ मिलिमीटरचे असेल, तर दिवसाला २० हजार लिटर.

आता मोठ्या फुटीशी तुलना करू. जलवाहिनी फुटली, सेकंदाला १० लिटर पाणी वाहू लागले आणि चार तासांत ती बंद केली, असे धरा. वाया गेले १ लाख ४४ हजार लिटर. बातमी याची होते. खिळ्याएवढे छिद्र वर्षभर कोणाला सापडले नाही, तर जाते २६ लाख लिटर. ते ४० मीटर उपसून वर चढवायला सुमारे ४८० युनिट वीज लागते. शिवाय त्यात शुद्धीकरणाचा खर्च असतोच.

हा हिशेब दिवसरात्र दाबाखाली असणाऱ्या वाहिनीचा आहे. टाकीपासून पहिल्या व्हॉल्व्हपर्यंतची मुख्य वाहिनी अशी असते. गल्लीतली लाइन दोनच तास सुरू राहत असेल, तर त्याच छिद्रातून दिवसाला ६०० लिटर जातील. पण उरलेल्या बावीस तासांत तिथे वेगळाच धोका असतो. त्याचा मुद्दा पुढे येतो.

कालवा पाझरतो तेव्हा विहिरींना पाणी येते, मग नळ पाझरला तर बिघडले काय?

हा प्रश्न या भागात हमखास येतो आणि तो चुकीचा नाही. १८८५ पासून वाहणाऱ्या नीरा डाव्या कालव्याच्या पाझरावर काठच्या कित्येक विहिरी जिवंत आहेत. म्हणूनच कालव्याच्या अस्तरीकरणाला बारामती-इंदापूर भागातील शेतकऱ्यांनी विरोध केला. कालव्याचा पाझर खालच्या शेतकऱ्याला विहिरीतून परत मिळतो.

नळाच्या गळतीचे गणित निराळे आहे. ते पाणी उपसलेले, गाळलेले आणि टीसीएल पावडर टाकून निर्जंतुक केलेले असते. त्यावर वीज, औषध आणि मजुरी खर्च झालेली असते. ते विहिरीपर्यंत पोहोचेलच असेही नाही. बऱ्याचदा ते गटारात जाते किंवा रस्त्याचा भराव पोखरते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्या छिद्रातून पाणी बाहेर जाते, त्याच छिद्रातून घाण आत येऊ शकते. पुरवठा बंद झाला की नळ रिकामा होतो. उतारावर पाणी खाली सरकताना आत ओढ निर्माण होते. भोवतीच्या ओल्या मातीत गटाराचे पाणी मुरलेले असेल, तर ते आत खेचले जाते. कोणी नळाला थेट विद्युत मोटार लावली असेल, तर ही ओढ आणखी वाढते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत गढूळ पाणी येते, त्याचे एक कारण हे आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा तपास यंत्रणांचे लक्ष सर्वप्रथम पिण्याच्या पाण्याकडे गेले ते उगाच नव्हे.

नळ गळू लागतो तो कशामुळे?

काळी जमीन हे या भागातले पहिले कारण. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वर्षातून एकदा उचलले जाणारे आणि एकदा खाली बसणारे सांधे हळूहळू सैल होतात. चरात नळाखाली वाळू किंवा बारीक मुरूम न घालता थेट दगडावर नळ टेकवला असेल, तर टेकलेल्या जागी तो तडकतो.

दुसरे कारण वाहतूक. गाळप हंगामात कारखान्याकडे जाणारे ट्रक आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर दिवसरात्र धावतात. रस्ता ओलांडणारी लाइन पुरेशी खोल नसेल किंवा तिच्यावर संरक्षक मोठा पाइप घातलेला नसेल, तर प्रत्येक चाक तिला दाबून जाते. रस्ता रुंदीकरणात किंवा केबलच्या चरात यंत्राच्या दातांचा धक्का लागतो तो वेगळाच.

तिसरे कारण वीज. पंप चालू असताना वीज गेली की वाहते पाणी अचानक थबकते आणि दाबाची लाट नळातून पुढे-मागे धावते. पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने वाहत असेल, तर प्लास्टिकच्या नळात या लाटेने प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ४ किलो, तर बिडाच्या नळात १२ किलोपर्यंत जादा दाब येऊ शकतो. रोज दोन-चार वेळा असा दणका बसणारी ऊर्ध्ववाहिनी तिच्या सर्वांत कच्च्या जागी फुटते. व्हॉल्व्ह झटक्याने बंद केला तरी हेच होते. म्हणून व्हॉल्व्ह सावकाश फिरवायचा असतो.

चौथे कारण नळजोडणी. मुख्य लाइनला भोक पाडून घरगुती जोड दिला जातो, ती जागा कायमच नाजूक असते. सॅडल नीट न बसवता, रबर न घालता दिलेला जोड पहिल्या दिवसापासून थेंब थेंब गळतो. रात्रीतून घेतलेल्या अनधिकृत जोडाबद्दल तर बोलायलाच नको.

गळती आहे की नाही, हे सर्वप्रथम कसे ठरवतात?

सुरुवात वहीतून होते. पंपाचे तास गुणिले ताशी उपसा म्हणजे योजनेत गेलेले पाणी. समजा, पंप ताशी २० हजार लिटर देतो आणि रोज आठ तास चालतो. १ लाख ६० हजार लिटर पाणी चढले. गावात ४०० घरे, घरटी पाच माणसे, माणशी ५५ लिटर धरले, तर गरज १ लाख १० हजार लिटरची. मधले ५० हजार लिटर गेले कुठे?

सगळे गळतीत गेले असे लगेच म्हणता येत नाही. जनावरे, बांधकामे, परसबाग, मीटर नसलेले नळ यांतही पाणी जाते. हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात, गावातली माणसे वाढतात. म्हणून तुलना नेहमी त्याच महिन्याची, गेल्या वर्षीच्या आकड्याशी करायची. माणसे तितकीच आणि पंपाचे तास वाढले, तर संशय पक्का.

पुढची पायरी टाकीची. संध्याकाळी टाकी भरून घ्यायची. आत येणारा आणि बाहेर जाणारा, दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचे. पातळीची खूण करून रात्रभर ठेवायचे. सकाळी पातळी उतरली, तर टाकी पाझरते आहे किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. ६ मीटर व्यासाच्या गोल टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरणे म्हणजे सुमारे २८० लिटर पाणी जाणे. मोजपट्टीवर नगण्य वाटणारा हा आकडा लिटरमध्ये मांडला की डोळ्यांत भरतो.

टाकी ठीक निघाली, तर दुसऱ्या रात्री मुख्य वाहिनीचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि गल्ल्यांचे सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवायचे. आता पातळी उतरली, तर दोष टाकी ते गल्ली या मधल्या लांबीत आहे.

मग रात्री दोनचाच मुहूर्त का?

कारण तेव्हा गाव झोपलेले असते. रात्री दोन ते चार या वेळेत पाण्याचा खरा वापर जवळजवळ थांबतो. टाकीच्या बाहेर जाणाऱ्या नळावर मीटर असेल आणि त्या वेळीही तो फिरत असेल, तर पाणी माणसे वापरत नाहीत, जमीन पिते आहे.

या पद्धतीला मोठा इतिहास आहे. इंग्लंडमधील लिव्हरपूलचे अभियंते जॉर्ज डीकन यांनी १८७३ मध्ये प्रवाहाची नोंद कागदावर आपोआप काढणारा मीटर तयार केला. शहराचे लहान लहान विभाग पाडून प्रत्येकाचा रात्रीचा प्रवाह त्यांनी मोजला आणि जिथे तो जास्त, तिथेच माणसे पाठवली. आपल्याकडे दौंड जंक्शन आकाराला येत होते, त्याच दशकातली ही गोष्ट. दीडशे वर्षांनंतरही जगभरच्या पाणीपुरवठा संस्था याच तत्त्वावर काम करतात. फक्त कागदाच्या जागी आता मोबाइलवर आलेख येतो.

विभाग शोधायला टप्प्याटप्प्याने व्हॉल्व्ह बंद करतात. पहिली गल्ली बंद केली, मीटरचा वेग तोच. दुसरी बंद केली, तोच. तिसरी बंद करताच मीटर मंदावला, म्हणजे गळती तिसऱ्या गल्लीत. एका रात्रीत तीन किलोमीटरचा शोध तीनशे मीटरवर येतो.

जिथे पाणी दिवसाआड किंवा दोनच तास सुटते, तिथे ही चाचणी खास ठरवून करावी लागते. आधी दवंडी किंवा व्हॉट्सॲपवर सूचना देऊन, घरोघरचे नळ बंद करायला सांगून, रात्री लाइन भरून घ्यायची आणि मग मोजायचे. व्हॉल्व्हच बंद होत नसतील, तर चाचणी निरुपयोगी ठरते. अनेक गावांत पहिली दुरुस्ती नळाची नव्हे, व्हॉल्व्हची करावी लागते, ती त्यामुळेच.

गल्ली सापडली. नेमकी जागा कशी सापडणार?

आधी डोळ्यांनी. कोरड्या उन्हाळ्यात एकाच जागी हिरवे गवत, गटारात रात्रीही वाहणारे स्वच्छ पाणी, डांबरावर सतत ओला डाग, व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये साचलेले पाणी. ते पाणी नळाचे की पावसाचे, हे ठरवायला सोपा उपाय आहे : त्यात क्लोरिन आहे का, हे पाहणारी ओटी टेस्ट. रंग पिवळसर आला, तर ते नळाचेच. रंग नाही आला, तर मात्र निर्वाळा देता येत नाही, कारण मातीतून जाताना क्लोरिन संपूनही जातो.

मग कानांनी. दाबाखालचे पाणी छिद्रातून बाहेर पडताना सूं असा आवाज करते आणि तो नळाच्या भिंतीतून दूरवर जातो. व्हॉल्व्हवर लोखंडी सळई टेकवून दुसरे टोक कानाशी धरले, तरी सरावलेल्या माणसाला तो कळतो. हीच जुनी पद्धत यंत्रात आणली, तो जमिनीवर ठेवायचा मायक्रोफोन.

त्याहून पुढचे यंत्र म्हणजे कोरिलेटर. गळतीच्या दोन बाजूंना नळावर दोन संवेदक लावतात. आवाज जवळच्या संवेदकाला आधी पोहोचतो, दूरच्याला उशिरा. लोखंडी नळात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,२०० मीटर असतो. संवेदकांतले अंतर १२० मीटर आणि आवाजातला फरक सेकंदाचा पन्नासावा भाग असेल, तर दोन्हीकडच्या अंतरांत २४ मीटरचा फरक आहे. म्हणजे गळती जवळच्या संवेदकापासून ४८ मीटरवर. एवढा एकच खड्डा घ्यायचा.

गावांची अडचण अशी, की बहुतेक नव्या लाइन पीव्हीसी किंवा एचडीपीईच्या आहेत. प्लास्टिक आवाज गिळते आणि त्यात आवाजाचा वेगही बराच कमी असतो. संवेदक जवळजवळ लावावे लागतात आणि अंदाज चुकण्याची शक्यता वाढते. अशा वेळी हायड्रोजन व नायट्रोजनचे सुरक्षित मिश्रण नळात सोडून जमिनीवर त्याचा माग काढणारी पद्धतही वापरतात. लाइन नेमकी कुठून गेली, हेच माहीत नसेल तर मात्र कोणतेही यंत्र कामाचे नाही. नकाशा नसलेल्या गावात तो जुन्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात असतो. तो निवृत्त होण्याआधी कागदावर उतरवून घेणे, हे सर्वांत स्वस्त गळती-नियंत्रण आहे.

नवी लाइन टाकताना चाचणी करतात का?

करायलाच हवी, आणि चर पूर्ण बुजवण्याआधी करायला हवी. नळाच्या मधल्या भागावर माती टाकून तो दाबून ठेवतात, सांधे मात्र उघडे ठेवतात. वळणे आणि टोके काँक्रीटच्या ठोकळ्यांनी जखडतात. याचे कारण आकड्यांत पाहा : १५० मिलिमीटरच्या नळात प्रति चौरस सेंटिमीटर ६ किलो दाब दिला, तर बंद टोकावर एक टनाहून अधिक रेटा येतो. ठोकळा नसेल, तर सांधा उखडून बाहेर येतो.

पाणी खालच्या टोकाने भरतात आणि वरच्या टोकाने हवा जाऊ देतात. हवा अडकली, तर दाबाचा काटा खोटे बोलतो. मग हातपंपाने दाब हळूहळू वाढवत साधारण कामाच्या दाबाच्या दीडपट नेतात आणि निविदेत व मानकात दिलेल्या वेळेपर्यंत तो टिकतो का, ते पाहतात. दाब टिकवायला जेवढे पाणी पुन्हा भरावे लागले, तेवढी गळती.

थोडी गळती मानकाला मान्य असते. बिडाच्या नळांसाठी ती सांध्यांची संख्या, व्यास आणि दाब यांवरून काढतात. १५० मिलिमीटर नळाचे १०० सांधे, ६ किलो दाब, तर तासाला सुमारे ११ लिटर. त्याहून जास्त पाणी लागले, तर लाइन नापास. प्लास्टिकच्या नळांना हे सूत्र चालत नाही, कारण दाबाखाली ते स्वतःच थोडे फुगतात. त्यांचे निकष वेगळे आहेत.

एक इशारा महत्त्वाचा. पाण्याची सोय नाही म्हणून कॉम्प्रेसरने हवा भरून चाचणी करू नये. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे नळ फुटला तरी दाब लगेच उतरतो. दाबलेली हवा मात्र स्फोटासारखी सुटते आणि नळाचे तुकडे गोळ्यांसारखे उडतात.

गावकऱ्यांच्या दृष्टीने मुद्दा सरळ आहे. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने चाचणीच्या दिवशी चरापाशी उभे राहून दाबाच्या काट्याचा फोटो वेळेसह काढून ठेवावा. चर बुजल्यावर तक्रार करता येते, पुरावा मिळत नाही.

दुरुस्ती : ट्यूब गुंडाळली की झाले?

सायकलची ट्यूब आणि तार हा गावोगावचा पहिला उपाय. पुढच्या दोन तासांचे पाणी देण्यापुरता तो ठीक. त्यावर माती ओढली, की ती गळती पुन्हा जन्माला येते. पक्की दुरुस्ती नळ कशाचा आहे, त्यावर ठरते.

पीव्हीसी : तडकलेला भाग दोन्ही बाजूंनी पुरेसा पुढे जाऊन काटकोनात कापतात, कारण चीर दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. नवा तुकडा कपलरने जोडतात. सोल्युशन लावण्याआधी दोन्ही टोके कोरडी आणि स्वच्छ हवीत. सोल्युशन वाळण्याआधी पाणी सोडले, तर तोच सांधा पुन्हा सुटतो. घाईने केलेल्या दुरुस्त्या आठवड्यात उघडतात, त्याचे हे नेहमीचे कारण.

एचडीपीई : याला सोल्युशन चिकटतच नाही. टोके तापवून एकमेकांत वितळवतात किंवा दाबून बसणारे जोड वापरतात.

बीड आणि डीआय : बारीक चिरेला रबर लावलेला लोखंडी क्लॅम्प पुरतो. जुन्या शिशाच्या सांध्यात शिसे पुन्हा ठोकून घट्ट करता येते. डीआयमध्ये सांध्याचे रबर रिंग मुडपले असेल, तर ते बदलावे लागते.

सिमेंटचे जुने नळ : यांत अॅस्बेस्टॉस असते. ते ग्राइंडरने कोरडे कापले, तर उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. पाणी मारत, हातकरवतीने, तोंडावर योग्य मास्क लावूनच काम करावे. शक्य तिथे हा टप्पाच बदलून टाकणे शहाणपणाचे.

खड्डाही नीट हवा. नळाखाली हात फिरेल एवढी जागा, साचलेले पाणी उपसायला पंप, आणि कापलेल्या तोंडात चिखल जाणार नाही याची काळजी. नवा जोड बसल्यावर माती टाकण्याआधी लाइन भरून सांधा डोळ्यांनी पाहायचा. मग वाळू, मुरूम आणि थराथराने दाबलेली माती.

दुरुस्तीनंतरचे पहिले पाणी प्यायचे का?

नाही. खड्ड्यातले गढूळ पाणी थोडे तरी नळात गेलेले असते. आधी वॉशआउट व्हॉल्व्ह उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडून द्यायचे. मग क्लोरिनची जादा मात्रा असलेले पाणी लाइनमध्ये काही काळ भरून ठेवायचे, ते काढून टाकायचे आणि नेहमीचा पुरवठा सुरू करायचा. टोकाच्या घरातील नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन मिळायला हवा. ओटी टेस्टमध्ये पिवळी छटा दिसली नाही, तर पाणी उकळून प्यावे.

एवढे केल्याने फरक पडतो?

उदाहरण दूरचे नाही. नीरा स्थानकावरून जाणारा रूळ पुढे कराडजवळून मिरजेला जातो. कराडलगतच्या मलकापूरने चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना राबवली आणि तिचे नाव देशभर झाले. तिथे नवी वितरण व्यवस्था, प्रत्येक जोडाला मीटर आणि जास्त वापराला जास्त दर, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. नळ कायम दाबाखाली राहिला की घाण आत ओढली जात नाही, आणि मीटर असल्याने गेलेले पाणी कोणाच्या तरी खात्यावर दिसते.

याच मार्गावरच्या मिरजेने दुसरी बाजू दाखवली. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी द्यायला रेल्वे धावली. ११ एप्रिलला मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोहोचली. १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. त्यानंतर अशा शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. एकेकाळी इंजिनासाठी पाणी साठवणारी रेल्वे साडेतीनशे किलोमीटरवरच्या माणसांसाठी पाणी वाहत होती.

त्या पहिल्या गाडीतले ५ लाख लिटर पाणी खिळ्याएवढ्या एका छिद्रातून जायला किती दिवस लागतील? सुमारे ६९. आणि एखाद्या गावाच्या किंवा छोट्या शहराच्या जाळ्यात अशी ६९ छिद्रे असतील, तर रोज एक पाणीगाडी जमिनीत रिकामी होते.

आजपासून काय करता येईल?

घरात : रात्री झोपताना सगळे नळ बंद करून टाकीच्या पातळीची किंवा मीटरच्या आकड्याची नोंद करावी. सकाळी कोणी पाणी वापरण्याआधी पुन्हा पाहावे. फरक पडला, तर घरातच कुठेतरी गळते आहे. शौचालयाच्या फ्लश टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकावा. न ओढता भांड्यात रंग उतरला, तर आतला व्हॉल्व्ह बदलावा.

गल्लीत : कोरड्या दिवसांत ओल दिसली, तर जागेचा फोटो, वेळ आणि जवळची खूण ग्रामपंचायतीला पाठवावी. "पाणी कमी येते" या तक्रारीपेक्षा "अमुक वळणावर रात्री अकरालाही ओल आहे" ही तक्रार दहापट उपयोगी असते.

ग्रामपंचायतीत : तीन नोंदी रोज ठेवाव्यात. पंप किती तास चालला, टाकी किती भरली-उतरली आणि लिकेज कुठे, कोणत्या नळाचे, कशाने दुरुस्त केले. वर्षभरात तिसरी वही स्वतःच बोलू लागते. एकाच शंभर मीटरमध्ये पाच वेळा खड्डा पडला असेल, तर सहावा क्लॅम्प घेण्यापेक्षा तेवढी लाइन बदलणे स्वस्त पडते.

हे सगळे आवर्तन सुरू असताना करायचे काम आहे. तलाव भरलेला असतो तेव्हा चाचणीसाठी पाणी हाताशी असते, आणि वाचवलेले पाणी साठवून ठेवायला पुढचे आठवडे असतात. आवर्तन बंद झाल्यावर शोधलेली गळती पुढच्या वेळेच्या उपयोगाची. या वेळचे पाणी तोवर जमिनीत गेलेले असते.